बाबांनी भरलेली बाटली

बाबांच्या पेंटबॉलच्या मैदानावरचं सामान विकून झालं, हवा भरायचा कॉम्प्रेसरसुद्धा. रंगाच्या गोळ्या उडवणारी एक बंदूक आणि एक बाटली मी ठेवून घेतली. बंदुकीला मागून लागते ती, दाबलेल्या हवेची, काळी, लहानशी. खंडेनवमीच्या सकाळी बाबांनी ती पूजेसाठी भरली होती. संध्याकाळी त्यांना दवाखान्यात नेलं. जबलपूरजवळच्या महाराजपूरच्या या घरात ते परत आले नाहीत.

दुपारी लाइट गेली, पंखा थांबला, की ती बाटली ऐकू यायची. बारीक, न संपणारा आवाज.

"विनता, ते बंद कर गं," आई म्हणाली. "दवाखान्यात यांच्या नाकाशी असंच वाजत होतं."

मी साबणाचं पाणी लावून पाहिलं. हवा भरायच्या तोंडाशी बुडबुडे येत होते. तोंडाभोवती कुंकू चिकटलेलं होतं. धातूवर टिकावं म्हणून आई पूजेचं कुंकू खोबरेल तेलात कालवते. बाबा दरवर्षी तिची पाठ वळली की चिंधीने ते पुसून काढायचे. तेलाने आतलं रबर फुगतं, दाबाच्या हवेशी तेल आलं तर पेटही घेऊ शकतं, हे ते खेळायला येणाऱ्या पोरांना ओरडून सांगायचे. आईला कधी सांगितलं नाही. या वर्षी ते पुसायच्या आधीच त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं.

"काहून गळून राहिली?"

"जुनी झाली. हवा भरायचं तोंड ज्याला आहे, ते वरचं रेग्युलेटर बदलावं लागेल."

"मग बदल ना. हवा तेवढी राहू दे."

"तसं नाही होत, आई. आधी पूर्ण रिकामी करावी लागते. आत दाब असताना फिरवलं तर रेग्युलेटर गोळीसारखं उडतं."

"यांनी भरलेली आहे ती."

"तशीही जाऊनच राहिली ना."

तिने बाटलीवरून एकदा पदर फिरवला. मग म्हणाली, "चलो, कर दो." आई हरली की हिंदीत बोलते, परक्याशी बोलल्यासारखी.

जबलपुरात बाटल्या भरायचं, दुरुस्त करायचं काम एकटे बाबाच करायचे. नवं रेग्युलेटर बाहेरून मागवलं. ते येईपर्यंत बाटलीवरचा दाबाचा काटा अर्ध्यावर उतरला. तो आपसूक शून्यावर यावा, मला हे करायला लागू नये, असं वाटायचं. आणि रोज उठून तो अजून वर आहे ना, हेही मीच पाहायचे.

मैदानात रंगाने माखलेले टायर अजून पडलेले होते. मी चष्मा लावला, गोळ्या न भरता बंदुकीची नळी मातीच्या ढिगाकडे धरली आणि घोडा दाबत राहिले. आई खुर्ची घेऊन मागे बसली होती. मध्येच ती उठली आणि तिने नळीसमोर तळहात धरला.

"हात काढ! वेडी आहेस का?"

"हवाच तर आहे."

"तीच लागते, आई."

ती जाऊन बसली. पदरात हात गुंडाळून घेतला. आवाज हळूहळू बसत गेला, शेवटी घोड्याची नुसती टिकटिक उरली.

एकट्या काट्यावर विश्वास ठेवायचा नाही, असं बाबा म्हणायचे. बंदूक वेगळी केली, चेहरा बाजूला ठेवून रेग्युलेटरची पिन दाबून पाहिली. मग बाटली रबराच्या पट्टीत घट्ट धरून पाना फिरवला. फिरवताना जराही फुसफुस आली तर तिथेच थांबायचं असतं. मी थांबले. कान लावला. पुन्हा थोडं फिरवलं, पुन्हा थांबले. काही आलं नाही.

बाटलीच्या आत पाहिलं. काळोख होता. कोरड्या चिंधीने आटे पुसले, नवं रेग्युलेटर बसवलं, आवळलं.

बाटली पुन्हा फळीवर ठेवली. आईने कान लावला.

"आता नाही वाजत," ती म्हणाली. मग, "भरून कोण देईल गं?"

"कोणी नाही."

ती आत गेली आणि वाटी घेऊन आली. आमच्या घरात नवी वस्तू कुंकू लावल्याशिवाय वापरत नाहीत. तिच्या कपाळावर कार्तिकापासून काही नसतं. तिने बोट बुडवलं आणि नेमकं भरायच्या तोंडावरच लावलं. तेलाचा ओघळ आत उतरला.

चिंधी माझ्या हातातच होती. आई पाठ वळवून गेली. मी चिंधीची घडी केली आणि बाटलीशेजारी ठेवून दिली.