योशिरोचा अर्धा खेळ

मित्रांनो, मी एक जुनी व्हिडिओ गेमची कॅसेट आहे आणि आधीच सांगून ठेवते, गोडगोड बोलणाऱ्या माणसाचा मला लगेच संशय येतो. जन्म जपानमधल्या क्योतोचा ना, तिथे नकारही गोड बोलून देतात, म्हणून हे अंगवळणीच पडतं.

माझ्या पोटात उड्या मारत डोंगर चढणाऱ्या कोल्ह्याचा खेळ आहे. लहानग्या योशिरोने माझ्या पाठीवर आपलं नाव लिहिलं. अर्ध्यावर आलेला खेळ त्याने माझ्यात जपून ठेवला आणि त्याच हिवाळ्यात तापाने पोर गेलं. तेव्हापासून मी त्याच्या आईच्या, शिनोच्या, कपाटात पडून होते. आता ती आजीसारखी दिसते.

एके दिवशी चिगुसा नावाची बाई आली. "आजी, या खेळातल्या गोष्टीचं मी परदेशी मुलांसाठी भाषांतर करतेय. मूळ खेळ कुठेच मिळेना. इथेच बसून एकदा खेळू?"

आवाज किती गोड! मी धास्तावले. एक बटण चुकलं असतं, तर योशिरोचा खेळ पुसला गेला असता. शिनोआजीही सावध झाली. हसून म्हणाली, "चहा-भात घेणार का गं?"

आमच्याकडे याचा अर्थ, आता उठा. पण चिगुसा पडली उत्तरेकडची. "घेईन की! भूक लागलीच होती," म्हणत ती ऐसपैस बसली.

"हात्तिच्या!" पुटपुटत आजी भात टाकायला गेली. इकडे चिगुसाने मला यंत्रात बसवलं. खेळात डोंगरावरच्या एका झोपडीतल्या म्हातारीने कोल्ह्याला तेच विचारलं, चहा-भात घेणार का? चिगुसा 'हो' म्हणाली. दार धाडकन बंद झालं आणि आत लपलेल्या राक्षसाने कोल्ह्याला गाठलं. ती पुन्हा खेळली, पुन्हा तेच.

"जेवायला बोलावते आणि मारते? मी तर भाषांतरात 'या, पोटभर जेवा' असं लिहून ठेवलंय!"

आजी वाडगा घेऊन दारात उभी होती. तिला हसू आवरेना. "अगं वेडे, ती त्याला पळ म्हणतेय! माझ्या योशिरोला लगेच कळलं होतं."

चिगुसा कानापर्यंत लाल झाली. "म्हणजे मघाशी तुम्ही मलाही..."

"हो. पण आता बस. भात झालाय."

"आजी, पडद्यावर योशिरोचं नाव वर दिसलं, म्हणून मी माझा खेळ खालच्या रिकाम्या जागेत सुरू केला. त्याच्या खेळाला हात लावलेला नाही."

माझा संशय खोटा ठरला. लाज वाटली मला.

"उघड त्याचा खेळ," आजी हळूच म्हणाली. इतक्या वर्षांत तिचं धाडस झालं नव्हतं. पडद्यावर कोल्हा त्याच झोपडीबाहेर उभा होता, पळायच्या तयारीत. आजीने बटण दाबलं नाही. वाडगा गार होईपर्यंत ती बघत राहिली.

मित्रांनो, जुनी कॅसेट हाती आली तर आधी पाठीवरचं नाव वाचा. काही पुसू नका. आत कुणाचं तरी पोर अजून दाराबाहेर उभं असेल.