पडद्याची मागची बाजू

“अगं ताई, तिकडे कुठे चाललीस? सोफा इकडे आहे.”

जयवंत मागून हाका मारत होता, पण नलिनीताईंनी वळून पाहिलं नाही. मुलुंडच्या घरात गुडघे दुखतात म्हणून ज्या दोन जिने उतरायला तयार नसत, त्या आता साडीच्या निऱ्या उचलून तरातरा निघाल्या होत्या. मोठ्या पडद्याला वळसा घालून त्या मागे गेल्या, आणि तिथे मात्र पाय जागच्या जागी थांबले.

मागे पडदा नव्हताच. लोखंडी सांगाडा, काळे डबे आणि वायरींचा गुंता. त्यातून गरम हवा तेवढी येत होती.

“एलईडी आहे तो,” जयवंत धापा टाकत पोचला. “मागून काय दिसणार? चल. पहिल्या रांगेत तुझ्यासाठी क्लब हाउसमधला सोफा आणून ठेवलाय. सेक्रेटरीशी भांडलो त्याच्यासाठी.”

“हा पडदा नाही,” नलिनीताई म्हणाल्या.

“पडदाच आहे. आता असाच असतो.”

घाटकोपरच्या ज्या जागेवर आता हा बावीस मजली टॉवर आणि त्याचं पोडियम गार्डन आहे, तिथे पूर्वी परबांची चाळ होती. परबांची म्हणजे मालकीची नव्हे. परब नावाची बिऱ्हाडं जास्त, म्हणून लोक तसं म्हणत. चाळ गेली, त्या जागी जयवंतला अकराव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला, आणि यंदा सोसायटीच्या कमिटीने ‘मे महिन्याची सुट्टी’ नावाचा कार्यक्रम काढला. जयवंतची मुलगी निधी त्या कमिटीत होती. तिने फोन करून आत्याला बजावलं, “आत्या, यायचंच हं. सगळं सेम टू सेम तुमच्यासारखं. गोळेवाला आहे, नळीतली पेप्सी आहे, बॉबी, बोरकूट, गोट्या, लगोरी. आणि रात्री पिक्चर.”

“पडदा लावणार?” आत्याने विचारलं.

“मग! एवढा मोठा.”

बाकीचं काही नलिनीताईंच्या कानात शिरलंच नाही. पडदा एवढा एकच शब्द त्यांनी उचलला. आयुष्यभर सरकारी इस्पितळात नर्स म्हणून काढलेली बाई, कोणी अघळपघळ बोललं तर “मुद्द्याचं बोला” म्हणणारी, ती त्या दिवसापासून घरात गुणगुणायला लागली. कपाटातली चांगली साडी निघाली. मुलुंडहून रिक्षा केली, बसची वाट पाहिली नाही. यावरून काय ते समजावं.

आता मात्र त्या मुकाट्याने सोफ्यावर येऊन बसल्या. निधीने आणून दिलेला चिंचेचा गोळा तोंडात घातला. डबीत घालून, काडीला रिबन बांधून विकत होते. चिंच नावाला आणि साखर वारेमाप.

“कसा आहे?” निधीने विचारलं.

“छान आहे गं,” त्या म्हणाल्या. इतकं खोटं त्यांना बोलता येत असे.

पडदा उजळला. जुना सिनेमा, तोच, चाळीत दर मे महिन्यात एकदा तरी यायचाच. जयवंतने मुद्दाम सांगून तो लावायला लावला होता. तो बहिणीच्या चेहऱ्याकडे बघत बसला. आपण आणलेलं लुगडं आईला आवडलं की नाही हे बघणारा मुलगा जसा बघतो, तसा. नायक शेतातल्या झाडाखाली जेवायला बसला, त्याने भाकरी मोडली, आणि नलिनीताईंनी मान खाली घातली.

“काय झालं?”

“काही नाही.”

“ताई, मी काय ओळखत नाही का तुला? तोंड उतरलंय तुझं.”

“अरे, बरोबर नाही वाटत. हा उजव्या हाताने जेवतोय.”

जयवंतला आधी काही कळेना. मग कळलं, आणि वाईट वाटलं. “चाळीत तू कापडी पडद्याच्या मागून बघायचीस. ठाऊक आहे मला. म्हणून तर एवढं सगळं केलं ना. आम्ही पोरं आणि बाबा पुढे मैदानात, ऐटीत. आणि तू आईबरोबर मागे गल्लीत, नळाच्या बाजूला. सगळे पिक्चर उलटे बघितलेस तू. मला वाटलं, एकदा तरी ताईला पुढे बसवावं, मानाने.”

त्याचे डोळे भरून आले होते. तो कधीच्या काळापासून हे मनात धरून बसला होता आणि त्याच्या मते आज ते देणं फिटणार होतं.

“जया, मला कोणी मागे बसवलं नव्हतं,” नलिनीताई म्हणाल्या. “मी बसायचे.”

मग त्यांनी सांगितलं. मागच्या बाजूला आई वर्षाची चिंच घेऊन बसायची. उन्हात वाळवलेली चिंच फोडायची, शिरा काढायची, चिंचोके वेगळे करायचे. दिवसभर तिला वेळ नसे आणि खोलीतला दिवा जाळलेला बाबांना चालत नसे. पडद्यातून इकडे झिरपणाऱ्या उजेडात तिचं काम व्हायचं. मध्येच ती गूळ, मीठ, तिखट घालून एक गोळी वळायची, खराट्याच्या काडीला टोचायची आणि नलूच्या हातात द्यायची. दिवसभर ‘नलू, पाणी भर’, ‘नलू, जयाला बघ’ एवढंच म्हणणारी आई तेवढे तीन तास नुसती शेजारी बसलेली असायची.

“पिक्चर बघता बघता ती विचारायची, ‘हो डावरो काय गो? सगळेच हिरो कशे डावरे?’ मी म्हणायचे, ‘फिल्ममधली माणसा तशीच आसतत.’”

“तुला माहीत नव्हतं?”

“होतं की. एकदा तिने मला जबरदस्तीने पुढे पाठवलं. ‘जा गो, पोरांबरोबर बस, हयसर काय चिंचेत बसलंस.’ मी गेले. बघितलं, पुढून सगळं सरळ दिसतंय. पाटीवरची अक्षरं वाचता येतायत. तशीच परत आले. तिला म्हटलं, ‘पुढसून पण असाच दिसता.’ खरं सांगितलं असतं तर तिने मला मागे बसूच दिलं नसतं. दर पिक्चरला पुढे हाकललं असतं.”

पडद्यावर कोणीतरी गाणं म्हणायला लागलं.

उलटी अक्षरं वाचायची सवय नलिनीताईंना पुढे नोकरीत उपयोगी पडली, म्हणजे एक्स-रे उलटा लावला तरी पेशंटचं नाव त्या वाचायच्या. वॉर्डातल्या मुलींना त्याचं नवल वाटे. त्या कोणाला कारण सांगत नसत.

“मला वाटलं आज पडदा लावतील,” त्या म्हणाल्या. “थोडा वेळ मागे बसेन, एवढंच. आई जाऊन इतकी वर्षं झाली, मला तिचा आवाज नीट आठवत नाही रे आता. तिथे बसले तर येईल असं वाटलं. म्हातारपणी डोकं फिरतं माणसाचं, दुसरं काय.”

जयवंत उठला आणि चालू लागला. रागावला की काय, असं नलिनीताईंना वाटलं. बिचाऱ्याने हौसेने केलं आणि आपण त्यावर पाणी ओतलं, हेही वाटलं. निधीला त्या म्हणाल्या, “बघ गं, बाबा कुठे गेला. बीपीची गोळी घेतली का त्याने?”

गोळीचं कोणाला ठाऊक नव्हतं. जयवंत लिफ्टमधून बाहेर आला तो निधीच्या खोलीतला उभा आरसा कवटाळून. पायरीवर अडखळला, तेव्हा सेक्रेटरी केयूर धावत गेला.

“काका, हे काय? हळू. कुठे ठेवायचाय?”

“तो सोफा बाजूला घे आधी. त्या कडेला. आणि फिरव. पडद्याकडे पाठ.”

“पाठ?”

“सांगतोय ना तुला.”

केयूर चांगल्या स्वभावाचा, त्याने जास्त विचारलं नाही. वॉचमनला घेऊन त्याने सोफा फिरवला. समोर खुर्चीला टेकवून आरसा उभा केला. मागच्या रांगांतली मंडळी सिनेमा सोडून हा प्रकार बघायला लागली. दोन म्हातारी माणसं पडद्याकडे पाठ करून बसलेली. एका बाईने मोबाइलही काढला, तेव्हा निधी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

आरशात सिनेमा दिसत होता. लहान, थोडा तिरका, आणि उलटा. गावाच्या वेशीवरच्या पाटीवरची अक्षरं उजवीकडून डावीकडे धावत होती. नलिनीताईंनी ती ओठांतल्या ओठांत वाचली. शर्टांचे खिसे परत उजव्या बाजूला आले होते. नायक आईच्या घरी परतला, ताटावर बसला आणि त्याने डाव्या हाताने घास घेतला.

जयवंत मोठ्याने हसला. “आयला, खरंच डावरा दिसतो की गं. आता समजलं आई कशाला हसत होती.”

“आई कधी हसत होती?”

“अगं, मी पहिलीत वगैरे असेन. पिक्चर चालू असताना मी पुढे मैदानात झोपून गेलो. बाबा गप्पांत. तर आई मला उचलायला पुढे आली. आली ती बघतच उभी राहिली. हाच जेवणाचा सीन असणार. मग मला खांद्यावर टाकलं आणि घरापर्यंत हसत होती. म्हणते कशी, ‘मेलो उजव्या हातान जेवता रे. ताईक सांगू नको हां.’ मी कशाला सांगतोय, मला झोप आलेली.”

नलिनीताईंनी आरशावरची नजर काढली नाही. जया पहिलीत, म्हणजे आपण आठवीत. त्यानंतर नर्सिंगच्या ट्रेनिंगला जाईपर्यंत दर मे महिन्यात, दर सिनेमाला, आई चिंच फोडता फोडता विचारत आली होती, ‘हो डावरो काय गो?’ आणि आपण दर वेळी तेच उत्तर देत आलो होतो. ते ऐकून ती मान हलवायची आणि काडीला गोळी टोचायची.

“ताई? बरं वाटतंय ना?”

“हो.”

त्या सोफ्याच्या कडेला सरकल्या. त्यांच्यात आणि जयवंतमध्ये एका माणसाची जागा मोकळी झाली.

“नीट दिसत नाही का तिथून? आरसा हलवू?”

“राहू दे,” नलिनीताई म्हणाल्या. “दिसतंय.”