रविवार, अकरा ते बारा

आर्णी. जून १९९९.

त्या उन्हाळ्यात घरात कापूस राहत होता आणि आम्ही ओसरीत. भाव चढेल म्हणून बाबांनी, नागोरावांनी, तो पुढच्या खोलीत छतापर्यंत भरून ठेवलेला. रेडिओही त्याच खोलीत. कारगिलच्या बातम्या लागल्या की बाबा कापसाकडे बघत ऐकायचे.

दादा, प्रफुल्ल, फौजेत ड्रायव्हर. आठवडाभर डोंगरात सामान पोचवायचं आणि रविवारी श्रीनगरला उतरायचं. आमच्याकडे फोन नव्हता. गल्लीच्या तोंडाशी नेमसिंगकाकांचं एसटीडीचं दुकान होतं. दादा तिथे अकरा ते बारामध्ये फोन करणार, असं ठरलेलं.

पहिला रविवार

विहारातली वंदना आटोपून माय, म्हणजे तुळसाबाई, थेट दुकानात. सोबत मी, तिची लेक प्रियंका. काकांनी बाहेर ड्रमवर कॅरम मांडला होता. नुसतं बसवत नाही म्हटल्यावर त्यांनी मायच्या हातात स्ट्रायकर दिला. पोरगा लढाईवर आणि आपण खेळायचं, म्हणून ती आधी नाहीच म्हणाली. मग खेळली.

फोन चारदा वाजला. ढाणकीचा मामा. कळंबची मावशी. पुन्हा मामा. यवतमाळहून बाबांचे मित्र पंजाबराव. सगळ्यांनी एकच विचारलं: प्रफुल्लचा फोन आला का?

बारा वाजले.

दुसरा

सात फोन. दादाचा एकही नाही. मायने राणी घेतली, कव्हरही केली.

तिसरा

नाही.

रस्त्याने जाणारी एक शेजारीण दुसरीला म्हणाली, "पोट्टा सरहद्दीवर, अन् इले खेळ सुचते." माय स्ट्रायकर ठेवून घरी आली. जेवली नाही.

पत्र, बुधवारी आलेलं, मधल्या चार ओळी

…दोन रविवार लावला, दोन्ही वेळा एंगेज. इथं बूथवर मोठी रांग राहते. एकाला तीन मिनिटं. एंगेज लागला की फोन मागच्याला द्यायचा. पुन्हा नंबर लागेपर्यंत आमची गाडी निघते. नेमसिंगकाका एवढं कोणाशी बोलून राह्यले?…

कोणाशी, ते आम्हाला ठाऊक होतं. आणि अकरा ते बारा ही वेळ मायनेच सगळ्यांना सांगितली होती. लग्नाची तारीख सांगावी तशी.

ती म्हणाली, कार्डं लिही. मामा, मावशी, पंजाबराव, सगळे आपापल्या गावच्या बूथवरून बोलायचे, त्यांना उलटा फोन करता येत नव्हता. बाबांना ते पटलं नाही. माणसं जीव लावतात, त्यांना फोन करू नका असं कोण लिहितं? उद्या काही झालं तर हीच दारात येतील.

उद्या काही झालं तर.

माय कापसाचा एक पुंजका हातात घेऊन बराच वेळ पिंजत बसली. मग मला म्हणाली, "लिव्ह. राग आला तं येऊ दे."

चौथा

अकरा. अकरा दहा. अकरा वीस.

काकांनी गिऱ्हाइकांना हातानेच परत पाठवलं. कॅरम मांडलाच नाही. आधी फोन वाजला की पुढच्याच क्षणी मामाचा नाहीतर मावशीचा आवाज यायचा. त्या आवाजांवर आम्ही तीन रविवार काढले होते, हे मला तेव्हा कळलं. आता वाजला तर दादा. नाहीतर ते, जे घरात कोणी बोलत नव्हतं.

अकरा चाळीस.

वाजला. मी हात पुढे केला.

"थांब. मले उचलू दे," माय म्हणाली. आणि आणखी दोनदा वाजू दिला.

"माय?"

आवाज इतका मोठा की रिसीव्हरच्या बाहेर मलाही ऐकू आला. माय बोलायला लागली ती थांबलीच नाही. मामाने कसा दोनदा फोन केला, मावशी फोनवरच कशी रडली, आता कार्डं पाहून दोघं कसे फुगून बसले असतील. तिकडून दादाच्या हसण्याचा आवाज. ती पंजाबरावांपर्यंत पोचली आणि फोन कटला.

मला राग आला. "तू त्याले काहीच इचारलं नाही. कसा हाये, कुठी हाये, काहीच नाही."

माय रिसीव्हर पदराने पुसत होती.

"इचारलं असतं तं खोटं बोलला असता," ती म्हणाली. "हसला थो मातर खरा."