उम् हस्नाची वीट

मी पांढरी बोलतेय, उजाड झालेल्या गावाची जागा. टेकडी म्हणालात तरी राग नाही, पण टेकडी देवानं केलेली असते आणि मला माणसांनी केलं. घर पडलं की त्याच मातीवर दुसरं, तेही पडलं की तिसरं. हजारो वर्षं हेच चाललं आणि मी उंच झाले. मग नदीनं वाट बदलली, सुमेरी माणसं गेली, अंगावर काटेरी झुडपं तेवढी उरली. मेंढपाळ मला 'तल्ल वबरिया', म्हणजे वबरियाची टेकडी, म्हणतात. ही वबरिया कोण, देव जाणे!

एक रीत मात्र मोडली नाही. मोठी माणसं गेली की त्यांना दूर नजफच्या पवित्र दफनभूमीत नेतात, पण तान्हं मूल गेलं तर माझ्याकडे आणतात. पुराचं पाणी माझ्यापर्यंत चढत नाही, म्हणून.

पायथ्याच्या वस्तीतल्या नश्मियानं तिची हस्ना अशीच आणली. चाळीस दिवसही न भरलेली पोर. उशाशी खूण म्हणून तिनं माझ्याच अंगावर पडलेली एक भाजकी वीट रोवली. पुढं तिला मूल झालं नाही, तरी अख्खी वस्ती तिला 'उम् हस्ना', म्हणजे हस्नाची आई, याच नावानं हाक मारते. दर गुरुवारी संध्याकाळी ती येते, गुलाबपाणी शिंपडते, खजूर ठेवते आणि गप्पा मारत बसते.

यंदा उत्खननवाले आले. मला बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू? त्यांची प्रमुख नासिरिया शहरातली, डॉक्टर सुंदुस. आल्या आल्या तिच्या माणसांनी माझ्या अंगावरच्या सुट्या वस्तू वेचल्या. त्यात ती वीटही गेली. तिच्यावर राजाच्या नावाचा ठसा होता ना! राजाचं नाव दिसलं की ह्यांना दुसरं काही सुचत नाही.

गुरुवारी उम् हस्ना आली आणि जागच्या जागी गरगर फिरू लागली. वाऱ्यानं सगळं सपाट केलं होतं.

"माझी वीट कुणी नेली?"

"इथं विटांना काय तोटा, खाला?" मुकादम चासिब हसला. "घे की दुसरी."

"घेते. कुठं रोवू, तुझ्या डोक्यावर?"

आवाज ऐकून सुंदुस धावत आली. वीट तंबूत सापडली, पण नेमकी कुठून उचलली, ते कुणालाच सांगता येईना.

उम् हस्ना मटकन खाली बसली. "वीट नको मला. पोर कुठाय ते सांगा!"

मला ठाऊक होतं गं बाई, माझ्याच कुशीत होती! पण मला तोंड कुठाय? एवढ्या आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मुकेपणाची मला चीड आली.

"चूक आमची आहे, खाला," सुंदुस म्हणाली. "एकदा उकरलेली माती पुन्हा तशी बसत नाही. सकाळी या, शोधू."

सकाळी तिनं उताराचा वरचा थर हलकेच खरवडला आणि पंपानं पाणी फवारलं. भिंतींच्या घट्ट कच्च्या विटा आधी सुकल्या, फिकट झाल्या. अहाहा! जुन्या घराच्या भिंती रेघेरेघेनं उमटल्या. उंबरा दिसला, चूल दिसली. माझ्याच पोटातलं घर, आणि मीच थक्क होऊन बघत राहिले! कोपऱ्यात उकरलेल्या, भुसभुशीत मातीचा एक हातभर डाग ओलाच राहिला. त्याच्या उशाशी चौकोनी खाच होती. सुंदुसनं वीट आणून ठेवली. अलगद बसली.

"सापडलीस गं माझे बाय!" उम् हस्ना त्या ओल्या मातीवर आडवी झाली.

तिच्या हाताशीच आणखी एक डाग होता, गोल. सुंदुसनं कुंचल्यानं माती झटकली, तर मडक्याचं तोंड. आत चिमुकली हाडं आणि शिंपल्याचा एक मणी. चासिबनं कुदळ खाली ठेवली.

"हे कुणाचं?"

"सुमेरी बाळ आहे, खाला. हजारो वर्षांपूर्वीचं. आईनं घरातच, जमिनीखाली ठेवलंय."

"सोडवलं नसेल तिला." उम् हस्नानं डोळे पुसले. "नाव काय त्याचं?"

"ते कुणालाच ठाऊक नाही."

"अगं बाई! मग त्याच्या आईला कोण काय म्हणून हाक मारणार?"

 सुंदुसनं मण्यासकट मडकं होतं तसंच झाकलं, तो कोपरा बुजवायला लावला आणि राजाची वीट दोघांच्या मध्ये रोवली.

खणा मला, लोकहो, खुशाल खणा. माझ्या पोटात अजून पुष्कळ आहे. फक्त गुरुवारी संध्याकाळी कुदळी जरा खाली ठेवा. तेव्हा दोघांची आई आलेली असते.