गीताचं जोडवं

गीताला ताप चढला की ती प्रवरेत उतरते. म्हणजे पडून असते घरातच, बेलापुरात, खिडकीखालच्या बाजेवर; पण डोळे मिटले की नदी येते, असं ती सांगते. पाण्यात तिचा डावा पाय हलका होतो. ज्याला सगळं गाव हत्तीपाय म्हणतं, जो उंबरा ओलांडताना तिला दोन्ही हातांनी उचलावा लागतो, तो पाय लव्हाळ्यासारखा तरंगायला लागतो. काठावरची बाभळ हलते, पाणी कोमट असतं, आणि ती चालत राहते.

ऐकून मला आधी बरं वाटायचं. निदान तापात तरी माझी बायको चालते. मग एका दुपारी तिनं पुढचं सांगितलं. पाण्यात तिच्या पायातलं जोडवं निसटतं, वाहत जातं, आणि पलीकडच्या काठावर उभा असलेला मी दिसेनासा होतो.

"कुटं जाता वो तुमी?" तिनं घामेजल्या तोंडानं विचारलं.

"कुटं जातुय? शेळीला पाला टाकाया गेल्तो," मी म्हणालो. मला स्वप्नांचा राग येतो. त्यांच्याशी भांडता येत नाही.

लग्नानंतर कामासाठी आम्ही बरीच वर्षं चंद्रपूरकडे राहिलो. खोलीमागे उघडं गटार होतं आणि डास तर घरचेच असल्यासारखे यायचे. चावले आम्हां दोघांनाही. त्या चाव्यांतून दोऱ्यासारखे जंत अंगात वाढतात, अंगातलं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या बिघडवतात आणि पाय वर्षानुवर्षं फुगत जातो, हे आम्हाला कळलं तोवर उशीर झाला होता. गोळ्यांनी जंत मेले, सूज तशीच राहिली. माझे पाय मात्र धडधाकट. त्याची मला अजून लाज वाटते.

दवाखान्यातल्या मोनिका सिस्टरनी सांगितल्याप्रमाणे मी तिचा पाय रोज साबणानं धुतो, बोटांच्या बेचक्या फडक्यानं टिपतो, पायाखाली उशा लावतो, घोटा हलवायला लावतो. नवऱ्यानं पायाला हात लावायचा म्हणून गीता सुरुवातीला रडायची. आता नुसतं तोंड फिरवते. पण एक बोट ती मला धुऊ देत नव्हती. त्यातलं जोडवं सुजेत रुतलं होतं, चांदीवर मांस आलं होतं. या वेळी घरी आलेल्या सिस्टरनी ते बोट नीट उजेडात धरलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"ताप इथून येतोय, रंभाजीकाका. खाली जखम चिघळलीय. जोडवं कापावं लागेल. प्रत्येक तापाला पाय आणखी वाढणार, आणि विष रक्तात गेलं तर जिवावर बेतेल."

"माज्या बेतू द्या," गीता म्हणाली. "ह्यांच्या नको."

"आगं, दुसऱ्या पायात हाय की जोडवं!"

"अर्धं सौभाग्य घिऊन काय करू?"

सिस्टर गेल्या. ताप पुन्हा चढला आणि नदी पुन्हा आली. गीता पाण्यात उतरत होती आणि मी बाजेशी ओली पट्टी धरून बसलो होतो. तिनं डोळे उघडले तसा मी तिच्यावर ओरडलोच. "तू गेल्यावर मी कुनाचं पाय धुवू? शेळीचं?"

ती हसली नाही.

"मला लई भ्या वाटतं गं," मी म्हणालो. इतक्या वर्षांत हे मी तिला कधी बोललो नव्हतो. "तू निवांत पान्यात उतरतीस, आन काठावर मी एकलाच ऱ्हातो. त्ये तुला दिसत न्हाई."

गीतानं माझ्या हातातली पट्टी काढून घेतली. मग म्हणाली, "टेम्पो सांगा. पर मी तुमचा हात सोडनार न्हाई."

दवाखान्यात डॉक्टरांनी बोट बधिर केलं. गीतानं माझं मनगट धरलं होतं, बोटं नेमकी नाडीवर. चांदी कट्‌कन तुटली तेव्हा तिनं डोळे घट्ट मिटले. तिचे ओठ हलत होते.

"चालू हाय," ती हळूच म्हणाली.

"काय?"

"तुमचं."

घरी आल्यावर कापलेलं जोडवं तिनं धुतलं आणि माझ्या करदोट्याला बांधलं. बसताना कंबरेला टोचतं. मी तक्रार करत नाही, म्हणजे रोजच करतो.

आता जखम भरत आलीय. ताप आलेला नाही. पाय जाडच आहे, पण कातडी मऊ पडलीय. दुपारी जेवण झालं की आम्ही लिंबाखाली आडवे होतो, तिचा पाय उशांवर. वाऱ्यानं पानं हलतात, अंगावर सावली पाण्यासारखी हलते. मधेच गीता दचकून उठते आणि तिचा तळहात माझ्या नाकासमोर येतो. मी जागाच असतो. डोळे उघडत नाही. नुसता जोरात श्वास सोडतो, तिच्या हाताला लागेल एवढा, आणि ती पुन्हा नदीत उतरते.