येऊ का? – एका पिवळ्या बावट्याची कहाणी

मी एक जुना पिवळा बावटा आहे. फडकं नव्हे! मित्रांनो, कुणी फडकं म्हणालं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. तळपाय नाहीत मला, तरीसुद्धा.

टेंभी नाक्यावरच्या एका शिंप्याने मला शिवलं आणि खलाशी विश्रामरावांनी आपल्या जहाजावर नेलं. परक्या बंदरात शिरताना जहाज मला उंच चढवतं. माझा अर्थ एवढाच, ‘आमच्यात कुणी आजारी नाही. येऊ का?’ तिथला अधिकारी ‘या’ म्हणाला की मला उतरवतात. त्याआधी कुणी जमिनीवर पाय ठेवायचा नाही.

एकदा आम्ही चिमुकल्या बेटांच्या एका देशाला गेलो. काय देश तो! माडांची गर्दी आणि काचेसारखं पाणी. पण प्रवाळाच्या भिंतीतून आत शिरायचं तर ऊन पाठीशी हवं, नाहीतर खडक दिसत नाहीत. पडलेला नारळसुद्धा मालकाला विचारूनच उचलायचा. धक्क्यावरची एक म्हातारी हे सगळं नव्या खलाशांना समजावायची. शेवटी आवाज खाली आणून म्हणायची, “निघताना परत येईन म्हणू नका. इथला समुद्र शब्द विसरत नाही.”

विश्रामराव पडले कोपरीचे मराठी माणूस. निघताना जिभेवर दुसरं काय येणार? “येतो हं, आजी!” म्हातारीला मराठी कुठली कळायला! पण लाटांचा आवाज एकदम थांबला.

निवृत्त झाल्यावर ते आणि त्यांच्या पत्नी उत्तराताई कोपरीत, खाडीसमोर चौथ्या मजल्यावर राहू लागले. मीही घरी आलो आणि मिक्सरवर झाकण म्हणून पडून राहिलो. मग गेल्या वर्षी, भरती आली की दारात नारळ दिसू लागला. ओला, कोंब फुटलेला.

“मी नाय ठेवला गो ताई,” शेजारची शालू म्हणाली.

विश्रामरावांनी मात्र ओळखलं. “मला बोलावणं आलंय.”

उत्तराताईंनी नारळ दारातून बाजूला सारला. “अहो, खाडीकडे तोंड करून ‘जातो’ म्हणून टाका. सुटाल शब्दातून.”

“भरल्या घरात ‘जातो’ म्हणू? काहीतरीच तुझं!”

दुसऱ्या दिवशी ते कोथिंबीर आणायला निघाले. दारातून सवयीने म्हणाले, “येतो गं.” चपला तेवढ्या खाडीच्या कडेला सापडल्या.

सगळ्यांनी आशा सोडली. उत्तराताई म्हणाल्या, “मलाही ‘येतो’ म्हणून गेलेत.” त्यांनी मला धुतलं आणि गॅलरीत खाडीकडे तोंड करून बांधलं.

परवा तिन्हीसांजेला भरती आली. जिन्यात ओली पावलं वाजली. दाराबाहेरून विश्रामरावांचा आवाज आला, “येऊ का?”

स्वतःच्या घरात असं कुणी विचारतं का? माझा धागा न् धागा शहारला.

“विचारता काय? या!” उत्तराताईंनी दार उघडलं. आनंदाच्या भरात मला उतरवायचं विसरल्या.

ते चहा प्यायले. लादीवर पाणी साचत होतं. ओहोटी लागली तसे उठले. “तिकडेही शब्द दिलाय गं.”

“थांबा, मीही येते.” त्यांनी गॅस बंद केला, दाराला कुलूप लावलं. जाण्याआधी मला हात लावून म्हणाल्या, “येतो हं आम्ही.”

मित्रांनो, उन्हाने मी विरत चाललोय. पण जुन्या वस्तूला टाकू नका, तिचं काम संपलेलं नसतं. काल भरतीला कुलपाबाहेर दोन आवाज आले, “येऊ का?” बराच वेळ विचारत होते.

मला फक्त विचारता येतं. ‘या’ म्हणता येत नाही.