कौलकारांच्या गावातला काटा

रविवार, दिनांक १० मार्च २०१९, सकाळचे सात. जावा बेटावरील कारंगजाती गावात गटार उपसण्याच्या श्रमदानासाठी तेवीस पुरुष जमले होते आणि त्यांच्यासमोर बाकावर मला मांडले होते. मित्रांनो, मी एक जुने, काट्याचे रक्तदाबमापक यंत्र आहे.

तबकडी, बारीक दातेरी चक्रे, कापडी पट्टा आणि रबरी फुगा यांची जुळणी करून मला घडविले गेले. काटा शून्यावर स्थिर राहतो, याची खात्री झाल्यावरच मी कारखान्याबाहेर पडले. गावच्या आरोग्य स्वयंसेविका बू लासिनेम यांच्या पिशवीत मला जागा मिळाली; तिथे बाईंना आदराने ‘बू’ आणि पुरुषांना ‘पाक’ म्हणतात. महिन्याच्या तपासणीला आजीबाई येत, माझे कौतुक करीत. मात्र ज्यांच्या कष्टावर घरे चालत, ते कौले घडविणारे पुरुष त्या वेळी भट्टीवर असत. पुढे बॅटरीचे नवे यंत्र आले आणि मी कपाटात पडले. बॅटरी संपली, की तेवढी माझी आठवण होई.

त्या आठवड्यातही बॅटरी संपली होती. “पुरुष येत नाहीत ना, मग आपण जाऊ,” असे म्हणून बू लासिनेम मला श्रमदानाला घेऊन आल्या. कष्टानंतर दाब चढलेलाच दिसतो, म्हणून फावडे उचलण्यापूर्वीच त्यांनी सर्वांना शांत बसविले.

एकेचाळीस वर्षांचे कौलकार पाक वागिरान मात्र हात देईनात.

“मला कशाला, बू? मला रक्तच कमी. सारखी चक्कर येते. म्हणून तर माझी बायको रत्मी मला निखाऱ्यावर भाजलेली बोकडाची साते खाऊ घालते.”

“अशी चक्कर आम्हालाही येऊ दे की!” मागून कोणीतरी ओरडले. सगळे हसले.

“रक्त कमी की दाब जास्त, हे चकरेवरून कळत नाही,” बू लासिनेम म्हणाल्या. “बाही वर करा.”

काटा १७६ आणि ११२ दाखवून गेला. हसणे थांबले.

“म्हातारं झालंय तुमचं यंत्र,” वागिरान पुटपुटले.

मला फार वाईट वाटले. पण बू लासिनेम रागावल्या नाहीत. “असेलही. चला, आरोग्य केंद्रात दुसऱ्यावर मोजू.” तेथील यंत्रानेही जवळपास तोच आकडा दिला. डॉक्टर म्हणाले, “असेच चालले असते, तर भट्टीसमोरच कोसळला असता.”

हे ऐकून केंद्रात धावत आलेल्या रत्मी रडू लागल्या. “अहो मास, मीच तुम्हाला भरवत होते हो!”

“प्रेमानंच भरवलंस ना? आता प्रेमानंच मीठ कमी कर,” वागिरान म्हणाले.

त्या दिवसापासून रोज गोळी, आणि साते फक्त सणाला. खारवलेली मासळी ताटातून गेली. एकदा बरे वाटले म्हणून त्यांनी गोळी सोडली, तेव्हा त्यांच्याच सोबत्यांनी दटावले, “वागिरान, कौल अर्ध्यात भट्टीतून काढतोस का? मग गोळी का सोडतोस?” आता प्रत्येक श्रमदानाआधी पुरुष आपणहून बाह्या सरसावतात.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्राचा काटा वर्षातून एकदा तपासून घ्या, आणि काही दुखत नसले तरी घरातील कर्त्या माणसांना मोजायला बसवा. मला कपाटात ठेवू नका.

सहा महिन्यांनंतर पाक वागिरान यांचा रक्तदाब : १२८/८२.